शिवणीतली माया

शिवणीच्या आत बोट-दीड बोट कापड जास्तीचे सोडतात, त्याला मराठीत ‘माया’ म्हणतात. गावातला शिंपी, शिवणक्लासच्या बाई आणि घरी पायमशीन चालवणारी आई, तिघांच्या तोंडी हाच शब्द असतो. मोठ्या माणसाच्या कपड्यात माया ठेवतात ती पुढेमागे तो अंगाने सुटलाच तर असावी म्हणून. लहान मुलाच्या बाबतीत असा जर-तर नसतो. जन्मताना साधारण ५० सेंटिमीटर लांब असलेले मूल वर्षभरात ७५ सेंटिमीटरच्या आसपास जाते, वजन तिप्पट होते, डोक्याचा घेर ३५ सेंटिमीटरवरून ४५च्या पुढे सरकतो. आज घेतलेले माप कपडा शिवून होईपर्यंत जुने झालेले असते.

बाजाराकडे यावर एकच उतारा आहे: ‘वाढत्या अंगाचे घ्या.’ मग बाह्या दुमडायच्या, चड्डीला नाडी आवळायची, आणि कपडा अंगाला नेमका बसू लागेपर्यंत त्याचा रंग उडालेला असतो. मुलांसाठी घरी शिवणाऱ्या-विणणाऱ्या बायकांनी या अडचणीवर जास्त विचार केलेला दिसतो. मोठे शिवण्यापेक्षा वाढवता येईल असे शिवायचे, ही त्यांची रीत. झबल्यापासून गोधडीपर्यंत महाराष्ट्रातल्या बहुतेक घरगुती वस्तूंची घडण तिच्यातून आलेली आहे.

आधी जुनेर

बाळाच्या अंगाला पहिले कापड लागते ते सहसा वापरलेले असते. जन्माआधी नवे कपडे शिवून ठेवू नयेत, असे अनेक घरांत मानतात. दृष्ट लागेल ही त्यामागची भीती, पण रीतीला कापडाचेही भक्कम कारण आहे. नव्या सुती कापडाला खळ असते. वर्षानुवर्षे धुतलेल्या लुगड्याची, धोतराची किंवा पंचाची खळ कधीच निघून गेलेली असते, सुताचा पीळ सैल पडलेला असतो. असे कापड पाणी पटकन शोषते आणि कोवळ्या कातडीला घासत नाही. त्याला जुनेर म्हणतात, आणि बाळंतपण जवळ आले की घरोघरी त्याची शोधाशोध सुरू होते. आजोबांच्या धोतराचे लंगोट होतात, आजीच्या लुगड्याचे दुपटे होते.

लंगोट ही या साऱ्या वस्तूंतली सर्वांत साधी वस्तू. चौकोनी तुकडा कर्णावर दुमडून त्रिकोण करायचा आणि कमरेकडच्या दोन टोकांना बंद लावायचे, की झाले. कंबर कितीही असो, गाठ पुढेमागे सरकते. पावसाळ्यात जन्मलेल्या बाळाला लंगोटांची संख्या दुप्पट लागते. वाळत नाहीत म्हणून. अशा घरात दोऱ्या थेट स्वयंपाकघरातून जातात.

दुपट्यालाही फार शिवण नाही. एका पाचवारी सुती साडीच्या पाच घड्या घातल्या की पाच थरांचा मीटरभर चौकोन मिळतो. कडा आत मोडून, वर धावदोरा घालून तो पक्का करतात. त्यात बाळाला घट्ट गुंडाळायची पद्धत जुनी आहे आणि बाळ त्याने शांत झोपते हेही खरे. बालरोगतज्ज्ञ मात्र एक बदल सुचवतात: छातीपाशी गुंडाळी नीट बसवावी, कमरेखाली सैल सोडावी. पाय सरळ ताणून बांधले तर खुब्याच्या सांध्याला धोका असतो. बाळ कुशीवर वळू लागले की गुंडाळणे बंद.

जुन्या कापडाला राखणदाराचेही काम दिलेले होते. ज्या घरात मुले जगत नसत तिथे पुढच्या मुलाचे नाव धोंडू, दगडू, चिंधू असे ठेवत. हे टाकाऊ आहे, याच्याकडे बघू नका, असे दैवाला सांगण्यासाठी. याच शब्दाची दुसरी, बोचरी बाजूही आहे. सिंधुताई सपकाळ यांना लहानपणी ‘चिंधी’ म्हणत, आणि तिथे त्याचा अर्थ नको असलेली मुलगी एवढाच होता.

बाळंतविडा

बाळ-बाळंतिणीसाठी माहेरून, आत्या-मावश्यांकडून जो आहेर येतो तो बाळंतविडा. झबली, टोपडी, दुपटी, कुंची हा त्याचा गाभा. धंदेवाईक शिंप्याला या कामात कधी रस नव्हता. वीतभर कापड आणि हातभर काम, त्यातून मजुरी किती मिळणार? म्हणून हे शिवण घरातच राहिले आणि एकीकडून दुसरीकडे हातानेच शिकवले गेले.

झबल्याची बेतणी पाहण्यासारखी असते. कापडाची चौपदरी घडी घालतात आणि एकाच कापात पाठ, पोट आणि बाह्या मिळवतात. खांद्यावर शिवण येत नाही. बाही धडातूनच निघते. टीप मारायची ती फक्त दोन कुशींना, बगलेपासून खालपर्यंत. काखेत छोटी चौकोनी कळी घातली तर हात वर करताना झबले ओढले जात नाही, आणि तेच झबले दीडदोन महिने जास्त चालते. गळ्याला उरेब पट्टी लावतात, कारण उरेब कापड ताणले जाते आणि गोलाईवर चुणी पडत नाही. अगदी तान्ह्या बाळाच्या झबल्याची शिवण काही बायका मुद्दाम बाहेरच्या बाजूला ठेवतात. पाहणाऱ्याला झबले उलटे घातलेले वाटते, बाळाला मात्र टोचत नाही.

बटणांऐवजी बंद लावण्यामागेही तोच हिशेब आहे. बटण एका जागी अडकते, बंद छातीच्या मापाने सैल होत जातो. शिवाय बटण तुटले की ते बाळाच्या मुठीतून तोंडात जायला क्षणभर पुरतो. बंदांचीही एक अट आहे: ते आखूड हवेत. गळ्याभोवती फिरू शकेल इतका लांब बंद कुठेच नसावा. टिचबटण हा मधला मार्ग, पण तेही दोऱ्याचे दहा-बारा फेरे घालून पक्के केलेले असावे.

टोपड्याचे गणित वेगळे. नवजात बाळाच्या एकूण लांबीचा जवळजवळ चौथा हिस्सा डोकेच असते. मोठ्या माणसात तो आठवा हिस्सा उरतो. एवढ्या मोठ्या उघड्या भागातून बाळाचे अंग झपाट्याने गार पडते, म्हणून जन्मल्याबरोबर टोपी घालण्याचा सल्ला जागतिक आरोग्य संघटनाही देते. घरगुती टोपडे म्हणजे एक आयताकृती पट्टी. पुढची कड दुमडून हनुवटीखाली बांधायचे बंद लावतात आणि मागच्या कडेत नाडी ओवून ती चुण्या पाडत आवळतात. डोके वाढले की नाडी सैल करायची. तीन तुकडे जोडून केलेले रेडिमेड टोपडे दिसायला सुबक असते, पण त्याला ही सोय नाही. दोन महिन्यांत ते कपाळावर चढते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत आणि बंद खोलीत दिवसभर टोपडे घालून ठेवण्याची गरज नसते. मानेला घाम आला की ते काढावे, एवढी साधी खूण पुरते.

कुंचीला तर मापच नसते. डोक्यावर टोपीसारखा भाग, मानेपाशी चुण्या आणि तिथून पाठीवरून पायांपर्यंत सुटलेला घोळ. बाह्या नाहीत, कंबर नाही. त्यामुळे बाराव्या दिवशी बारशाला घातलेली कुंची वर्षाच्या वाढदिवसालाही चालते, आणि मग पुढच्या भावंडाला, चुलतभावंडाला. कुंची बहुधा खणाची असते. खणाचे कापड मूळचे चोळीसाठी विणलेले. बागलकोट जिल्ह्यातले गुळेदगुड्ड हे त्याचे जुने ठिकाण. पन्हा लहान, दोन्ही बाजूंना काठ. कुंची बेतताना काठ चेहऱ्याभोवती येईल असे कापड धरतात, मग वेगळी जर लावावी लागत नाही. आतून मऊ मलमलीचे अस्तर हवेच, नाहीतर खणाची खरखर गालाला लागते.

पुण्याच्या तुळशीबागेत बारशाच्या खरेदीला गेले की टिकल्या, मोती आणि गोंडे डिंकाने चिकटवलेल्या कुंच्या ओळीने टांगलेल्या दिसतात. त्या फोटोसाठी ठीक आहेत. चिकटवलेली टिकली बाळाच्या नखाने सहज निघते आणि पुढे ती कुठे जाते हे वेगळे सांगायला नको. घरी शिवलेल्या कुंचीवर नक्षी असते ती भरतकामाची, दोऱ्याने कापडात घट्ट बसलेली.

पहिल्या संक्रांतीला बोरन्हाण असते तेव्हा काळ्या कापडाचे झबले नाहीतर परकर-पोलके शिवतात. काळ्यावर पांढराशुभ्र हलवा उठून दिसतो. हलव्याच्या दाण्यात सुई घालायला गेले तर तो फुटतो, म्हणून दागिने करताना एकेक दाणा दोऱ्याच्या फासात अडकवतात. या झबल्याला फारशी माया नसते. ते एका संध्याकाळचे असते.

एका ताग्यातली भावंडे

दिवाळीला सगळ्या भावंडांना एकाच ताग्यातले कपडे, ही गोष्ट मागच्या दोन-तीन पिढ्यांच्या जुन्या फोटोंत हमखास दिसते. मुलांना त्याची लाज वाटे, हेही तितकेच खरे. पण बेतणारीच्या बाजूने पाहिले तर त्यात हुशारी होती. ताग्यातून आधी थोरल्याचा शर्ट कापायचा, त्याच्या बगलेच्या खळग्यात धाकटीच्या फ्रॉकची बाही बसवायची, उरलेल्या पट्टीतून गळपट्ट्या, आणि शेवटच्या तुकड्यातून तान्ह्याचे झबले. कातरणही टाकत नसत. ते उशीत नाहीतर पिशवीच्या ठिगळात जाई. पुढे थोरल्याचा शर्ट धाकट्याकडे गेला तरी रंग जुळत असल्याने ठिगळ लावणे सोपे पडे.

परकराची युक्ती यांत सर्वांत चांगली. चार वर्षांनंतर मूल दरवर्षी साधारण सहा-सात सेंटिमीटर वाढते. घेराच्या खालच्या भागात कापड आडवे दुमडून दोन-तीन टिपा मारलेल्या असत. दोन सेंटिमीटर खोल दुमड उसवली की चार सेंटिमीटर लांबी सुटते. म्हणजे अशा तीन दुमडी असलेला परकर तीन दिवाळ्या सहज काढतो. अडचण एकच: दुमडीच्या आतले कापड न विटलेले, तिथे गडद पट्टा उठतो. मग त्या रेषेवर लेस किंवा वेगळ्या रंगाची फीत शिवायची. जुन्या परकरांवर जागोजागी दिसणाऱ्या लेसा हौसेच्या वाटतात. त्यातल्या पुष्कळशा मागच्या वर्षीची लांबी झाकणाऱ्या आहेत.

हे सगळे हाताने करणे आणि मशीनवर करणे यात वेळेचा मोठा फरक. शिवणयंत्र भारतात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिंगर कंपनीने आणले आणि १९३०च्या दशकात कोलकात्यात ‘उषा’ बनू लागल्यावर ते मध्यमवर्गाच्या आवाक्याकडे सरकले. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ साली पुण्यात उभ्या राहिलेल्या सेवासदनात स्त्रियांना जे शिकवले जाई त्यात शिवणकामही होते. बाईच्या हाताला मिळकत हवी, हा त्यामागचा उद्देश. घरात मशीन आल्यावर मात्र तिच्यावर पहिला हक्क मुलांचा लागला. ब्लाउज शिवून चार पैसे मिळवणे रात्री, मुले झोपल्यावर.

उसवता येते ते विणकाम

दोन सुयांवरचे लोकरीचे विणकाम महाराष्ट्रात रुजवण्यात मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात काढलेल्या मुलींच्या शाळांचा मोठा वाटा आहे. निफाड-नाशिककडच्या कडाक्यात स्वेटरची गरज आहे. मुंबईत थंडी जेमतेम पंधरा दिवस असते, तरी तिथेही बाळासाठी स्वेटर विणल्याशिवाय आजीला चैन पडत नाही.

सुयांचे आकडे भारतात अजून जुन्या ब्रिटिश पद्धतीने चालतात, त्यात आकडा वाढला की सुई बारीक होते. १० नंबरची सुई सव्वातीन मिलिमीटरची, ८ नंबरची चार मिलिमीटरची. बाळाच्या कामाला १० किंवा ११ नंबर धरतात. विणीला लागण्याआधी वीतभर तुकडा विणून एका इंचात किती टाके बसतात ते मोजावे लागते. एकीचा हात घट्ट असतो, दुसरीचा सैल. त्याच लोकरीत, त्याच सुयांवर, त्याच टाक्यांत दोघींचे स्वेटर दोन वयांच्या मुलांना बसतात. शेजारणीने लिहून दिलेले टाके म्हणूनच फसतात.

नवशिकीचा स्वेटर अडतो गळ्यात. छातीच्या हिशेबाने गळा बसतो, पण त्यातून डोके जात नाही. त्यासाठी एक खांदा उघडा ठेवून तिथे दोन बटणे लावतात, किंवा पुढून पूर्ण उघडा स्वेटर करतात. मनगटाला आणि कमरेला एक सुलट, एक उलट टाक्यांची पट्टी असते. ती ताणली जाते आणि परत जागेवर येते, म्हणून वाढीला वाव देणारी हीच जागा. आणखी धोरणी विणणारी गळ्यापासून खाली विणत जाते. पुढच्या हिवाळ्यात कमरेची पट्टी उसवायची, टाके पुन्हा सुईवर घ्यायचे आणि चार बोटे वाढवायची. बाह्यांचेही तसेच.

कापड एकदा कातरले की कातरले. लोकर मात्र पूर्ण उसवून पहिल्यासारखी हाती येते. उसवलेली लोकर नागमोडी असते. तिची लड करून कोमट पाण्यात भिजवतात आणि खाली हलके वजन बांधून टांगून वाळवतात, मग ती सरळ होते. दोन लहान स्वेटरांतून पट्ट्यापट्ट्यांचा एक मोठा स्वेटर असाच निघतो. ही किमया खऱ्या लोकरीची. बाजारातली ‘बेबी वूल’ बहुतेक अ‍ॅक्रिलिकची असते. ती टोचत नाही, कशीही धुतली तरी आटत नाही, स्वस्तही असते. पण ती घाम शोषत नाही आणि विस्तवाजवळ वितळते. बाळाला शेक-शेगडी किंवा ओव्याची धुरी देणाऱ्या घरात हे लक्षात ठेवायला हवे. धुरीच्या वेळी बाळाच्या अंगावर सुतीच असावे.

पायमोजे विणताना आतला धागा मोकळा राहू देऊ नये. असा धागा बाळाच्या बोटाला गुंडाळला जातो आणि रक्तपुरवठा तोडतो. बाळ कळवळून रडते आणि कारण सापडत नाही. मोजा घालण्याआधी उलटा करून बघणे हाच उपाय.

गोधडी

या सगळ्यांत सर्वांत जास्त जगते ती गोधडी. दक्षिण महाराष्ट्रात तिला वाकळ म्हणतात. शिवण्याचे दिवस उन्हाळ्याचे. शेतातली कामे उरकलेली, पाऊस यायला अवकाश, ऊन कडक. दुपारी ओसरीवर नाहीतर देवळाच्या फरशीवर लुगडे अंथरले जाते. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर. चार घड्या घातल्या की दोन मीटर लांबीचे चार थर झाले. कोपऱ्यांवर दगड ठेवतात. आत जुनी धोतरे, चादरी, झबली-फ्रॉकांचे तुकडे सपाट पसरतात, भोके चुकवत, जाड-पातळ सारखे करत. वरून दुसरे लुगडे. मग लांब लांब कच्चे टाके घालून थर एकमेकांना बांधायचे आणि कडेपासून चौकटीत चौकट करत धावदोरा आत न्यायचा. दोघीतिघी समोरासमोर बसतात, बोलणे चालू असते, आणि टाक्यांच्या लांबीवरून कोणती बाजू कोणाची हे नंतरही ओळखता येते.

धावदोरा ओढला की कापडावर बारीक सुरकुत्या उठतात. त्या सुरकुत्यांत आणि थरांच्या मध्ये हवा अडकते, ऊब तिचीच. टाके फार जवळ घातले तर गोधडी कडक होते आणि ऊब कमी होते, फार लांब घातले तर आतले तुकडे धुताना गोळा होतात. अनुभवी बाई हे मोजत नाही, सुईच्या ओढीवरून ओळखते. काही गावांत गोधड्या शिवून देणाऱ्या बायका दारोदार येतात. कापड घरचे, दोरा आणि हात त्यांचा.

वाढत्या मुलाची गोधडीही वाढते. दुपट्याच्या चारही कडांना पट्टे जोडले की ते चार वर्षांच्या मुलाला पुरते. वरचे कापड झिरले की त्यावरच नवे चढवतात. दहा-पंधरा वर्षांची गोधडी उसवली तर आत थराखाली थर सापडतात आणि सर्वांत आत पहिले दुपटे. संत गाडगेबाबांना लोक ‘गोधडे महाराज’ म्हणत ते अंगावरच्या अशाच ठिगळांच्या वस्त्रामुळे.

बंगालची कांथा आणि बिहारची सुजनी हे गोधडीचे सख्खे नातेवाईक. जुन्या साड्यांचे थर, धावदोरा आणि तान्ह्या मुलाचे पांघरूण ही तिघींची ओळख सारखी. त्या दोघी आज कलादालनांत पोचल्या, गोधडी माळ्यावरच राहिली. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकांची कवंदी मात्र जवळची असून वेगळी. या बायकांची बोली कोंकणी वळणाची. त्या रंगीत तुकडे कडेपासून जोडत जोडत मध्याकडे येतात आणि चार कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची ‘फुले’ लावतात. फुलांवाचून कवंदी उघडी, असे त्या मानतात.

गोधडीला खरा धक्का बसला तो रजयांपेक्षा नायलॉन-पॉलिस्टरच्या साड्यांनी. या साड्या फाटत नाहीत, म्हणून जुनेर तयारच होत नाही. सुईखाली त्या निसटतात, कडांचे धागे सुटतात, घाम शोषत नाहीत. आता वरून रंगीत सिंथेटिक आणि आतून सुती चादर अशी तडजोड होते; मुलाच्या अंगाला लागणारी बाजू तरी सुतीच ठेवावी. शहरांत मुलाच्या लहान झालेल्या टी-शर्टांची गोधडी करण्याची हौस वाढते आहे. होजिअरीचे कापड ताणले जाते, म्हणून प्रत्येक तुकड्याला मागून इस्त्रीने पेस्टिंग लावून मगच जोडावे लागते, नाहीतर चौकोनाचे गोल होतात.

लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेत जाणाऱ्या आजीच्या बॅगेत लाडवांच्या डब्याखाली गोधडी असतेच. तिथले डॉक्टर पहिले वर्षभर पाळण्यात सुटे पांघरूण, उशी काहीच ठेवू देत नाहीत. श्वास कोंडण्याचा धोका असतो. यावर घरात रुसवेफुगवे होतात. तोडगा सोपा आहे. पहिल्या वर्षी गोधडी जमिनीवर अंथरावी, मोठ्यांच्या डोळ्यांसमोर बाळाने तिच्यावर पालथे पडावे, रांगावे. पांघरायला पुढे भरपूर वर्षे असतात.

ट्रंकेत ठेवताना

मूल मोठे होते आणि कुंची, दोन झबली, एखादा स्वेटर मागे उरतो. तो पुढच्या बाळासाठी ठेवायचा तर स्वच्छ धुऊन, खळ न घालता, पूर्ण वाळवून ठेवावा. खळीला कसर लागते. जरीची कुंची जुन्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळावी आणि वर्षातून एकदा घडी मोडून वेगळी घालावी, म्हणजे घडीवर जर तुटत नाही. डांबरगोळी मात्र या कपड्यांत घालू नये. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराची जन्मजात कमतरता असते. अशा बाळाला डांबरगोळ्यांत ठेवलेल्या कपड्यांत गुंडाळले तर तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते, आणि ही कमतरता आहे की नाही हे बाळाकडे पाहून कळत नाही. कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा वेखंडाचे चार तुकडे पुरचुंडीत बांधून ठेवले तरी कसर लांब राहते. कपडा ट्रंकेतून काढला की आधी धुवावा, दोन दिवस कडक उन्हात टाकावा, आणि मग बाळाच्या अंगावर घालावा.